सौद्याचे अकरा आकडे: सरासरी, मध्यक आणि पसारा समजून घेताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की एक आकडा सगळीकडे फिरायला लागतो: "आज चौदा हजार सातशे निघाला." हा आकडा सगळ्या लॉटची सरासरी आहे, मधला दर आहे, की सगळ्यात जास्त वेळा लागलेला दर आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. ज्याच्या घरात चाळीस पोती हळद पडून आहे त्याला मात्र या तिन्हींतला फरक कळायलाच हवा. माल आज काढायचा की थांबायचं, हे तो त्याच आकड्यावरून ठरवणार असतो.

आकड्यांचं काम ज्यांच्या अंगावर अचानक येऊन पडलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. शेतकरी कंपनीत नव्याने रुजू झालेला मुलगा, बचत गटाची वही सांभाळणाऱ्या ताई, दूध संस्थेचे सचिव, प्रकल्प लिहायला बसलेली बी.ए.ची विद्यार्थिनी. दहावीपर्यंतचं गणित पुरे आहे. वही, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ घ्या आणि प्रत्येक हिशेब स्वतः करून पाहा. नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही, हाताखालून गेलं की राहतं.

पूर्ण लेखाचं सांगणं एवढंच आहे की कुठल्याही आकड्यांबद्दल बोलताना त्यांचा मध्य कुठे आहे आणि ते किती पसरलेत, या दोन्ही गोष्टी बरोबरीने सांगाव्या लागतात. एकच सांगितली तर ऐकणारा उरलेली जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो.

पायरी १: आकडे लिहून घ्या आणि आधी साफ करा

सरावासाठी एका दिवसाचे ११ लॉट घेऊ. हे दर समजावण्यापुरते मी मांडले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. दर क्विंटलचे, रुपयांत, सौदा ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने:

१४,२०० – १३,८०० – १४,५०० – १४,००० – १३,५०० – १४,२०० – २१,००० – १३,९०० – १४,२०० – १३,००० – १५,४००

बेरीज करायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी तपासा. सगळे दर एकाच मापातले आहेत ना? एखाद्याने किलोचा दर १४२ लिहिला असेल तर तो या रांगेत बसवण्याआधी क्विंटलचा करून घ्यावा लागतो. एकच लॉट दोन वह्यांत नोंदला जाऊन दोनदा तर आला नाही? आणि रिकामी जागा म्हणजे शून्य धरलंय का? ही तिसरी चूक सगळ्यात जास्त घात करते. पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत 'पाऊस पडला नाही' म्हणजे ०, पण रविवारी नोंद घ्यायला कुणी गेलंच नाही तर तिथे रेघ हवी. त्या रेघेच्या जागी कॉम्प्युटरवर ० टाकलं की महिन्याचा पाऊस कागदावर कमी होतो, आणि पुढच्या प्रत्येक हिशेबात ते कमीपण चालत राहतं.

आणखी एक सवय लावून घ्या. आकडा एकटा उचलू नका, त्याच्याशेजारी लॉट नंबर, मालाची प्रत आणि वजनही लिहा. पुढच्या पायऱ्यांत या रकान्यांची गरज पडणारच आहे.

पायरी २: चढत्या क्रमाने लावा

१३,००० – १३,५०० – १३,८०० – १३,९०० – १४,००० – १४,२०० – १४,२०० – १४,२०० – १४,५०० – १५,४०० – २१,०००

एवढ्या साध्या कामातून निम्मं चित्र उभं राहतं. बहुतेक दर तेरा ते साडेचौदा हजारांत दाटीने बसलेत, एक थोडा वर आहे आणि एक फारच लांब जाऊन बसलाय. माझं ठाम मत आहे की कुठलंही सूत्र वापरण्याआधी रांग लावून ती अर्धा मिनिट नुसती बघावी. सूत्र गाळतं ते डोळ्यांना दिसतं.

पायरी ३: मध्य, मध्यक, बहुलक

दहावीच्या पुस्तकातले हे तीन शब्द. बोलताना आपण मध्याला 'सरासरी' म्हणतो, इथेही तेच म्हणू.

*सरासरी:* सगळ्यांची बेरीज १,६१,७००. त्याला ११ ने भागलं की १४,७००.

*मध्यक:* लावलेल्या रांगेतला बरोबर मधला आकडा. अकरांत सहावा मधला, कारण त्याच्या अलीकडे पाच आणि पलीकडे पाच. तो आहे १४,२००. आकडे सम संख्येने असतील, समजा १०, तर मधले दोन घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची.

*बहुलक:* सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा. इथे १४,२०० तीनदा आलाय, म्हणून तोच.

आता सरासरीकडे नीट बघा. १४,७०० पेक्षा कमी दर किती लॉटला मिळाला? नऊ. जास्त किती? फक्त दोन. म्हणजे 'आज चौदा हजार सातशे निघाला' हे गणिताने खरं असूनही यार्डात आलेल्या ११ पैकी ९ लॉटना तेवढा दर मिळालेला नाही. हे सगळं २१,००० च्या एका लॉटने केलं. तो बाजूला ठेवून उरलेल्या दहांचा हिशेब करा: बेरीज १,४०,७००, सरासरी १४,०७०. एक लॉट काढल्यावर सरासरी ६३० रुपयांनी खाली आली. मध्यक मात्र १४,२०० वरून १४,१०० वर आला, म्हणजे शंभरच रुपये हलला. २१,००० च्या जागी चुकून २,१०,००० टाइप झालं असतं तरी अकरा लॉटचा मध्यक जागचा हलला नसता.

मग मध्यकच का वापरू नये नेहमी? कारण बेरजेचं काम मध्यक करत नाही. समजा हे अकराही लॉट एकाच वजनाचे आहेत आणि एकूण उलाढाल किती झाली ते काढायचंय. सरासरीला एकूण वजनाने गुणलं की रक्कम बरोबर मिळते, मध्यकाला गुणून मिळत नाही. म्हणून साधा नियम ठेवा: एकूण पैसा, एकूण दूध, एकूण पाणी असा प्रश्न असेल तर सरासरी. 'माझ्यासारख्या सामान्य माणसाला किती मिळतं' असा प्रश्न असेल तर मध्यक. मजुरी, जमिनीचे भाव, घराचं उत्पन्न या सगळ्यांत थोडे आकडे फार मोठे असतात, तिथे मी मध्यक आधी विचारतो.

बहुलकाबद्दल थोडक्यात. बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर हा शेवटचा रकाना 'मोडल प्राइस' या नावाने दिसतो. जास्त माल ज्या दराच्या आसपास गेला तो दर, असा त्याचा अर्थ. त्याला सरासरी समजू नका. आणि आकडेच नसलेल्या माहितीत, म्हणजे गावात पिकाची कुठली जात जास्त लावली, ग्राहक कुठला पुडा जास्त नेतो, अशा ठिकाणी बहुलकाशिवाय दुसरा उपाय नाही.

पायरी ४: वजन धरल्याशिवाय सरासरी काढू नका

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैशाचं नुकसान इथल्या गैरसमजाने होतं.

एका शेतकऱ्याच्या हळदविक्रीच्या पट्ट्या, म्हणजे पावत्या, बघा. हळकुंड (लांब बोटं) १८ क्विंटल, दर १४,५००. गड्डा (गोल कंद) ५ क्विंटल, दर १२,०००. कणी (बारीक तुकडे) २ क्विंटल, दर ९,५००. त्याला सरासरी काय दर पडला?

तीन दरांची बेरीज ३६,०००, भागिले ३, म्हणजे १२,०००. असं उत्तर हिशेबाच्या वहीत सहज लिहिलं जातं. पण माल तीन ठिकाणी सारखा वाटलेला नाही. हळकुंड १८ क्विंटल आहे आणि कणी दोनच. म्हणून आधी प्रत्येकाची रक्कम काढा:

हळकुंड: १८ × १४,५०० = २,६१,०००
गड्डा: ५ × १२,००० = ६०,०००
कणी: २ × ९,५०० = १९,०००

एकूण ३,४०,००० रुपये, एकूण माल २५ क्विंटल. भागाकार १३,६००. हीच खरी सरासरी, हिला भारित सरासरी म्हणतात. पहिल्या उत्तरापेक्षा ती क्विंटलमागे १,६०० रुपयांनी जास्त आहे. २५ क्विंटलवर हा फरक ४०,००० रुपयांचा होतो. अडत, हमाली, तोलाई वजा करून हातात काय आलं हा पुढचा हिशेब, पण त्याची सुरुवातच १२,००० पासून झाली तर पुढचं सगळं चुकतं.

हाच गोंधळ 'सरासरीची सरासरी' काढताना होतो. तीन गावांच्या दूध संस्थांची फॅटची सरासरी आली आणि तालुक्याची हवी आहे, तर तीन आकडे मिळवून तीनने भागू नका. कुठल्या गावाने किती लिटर दूध घातलं ते विचारा. लिटर माहीत नसतील तर तालुक्याची सरासरी काढता येत नाही, आणि तसं स्पष्ट लिहिणं योग्य.

थोडं पीक विम्याबद्दल

सरासरी कशी काढली यावर पैसे कसे ठरतात, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे उंबरठा उत्पन्न, ज्या रेषेखाली महसूल मंडळाचं उत्पादन गेलं की भरपाई बसते ती रेषा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे त्या प्रमाणाने, गुणतात. ७० टक्के जोखीमस्तर धरून सोयाबीनचे सरावाचे आकडे घेऊ, किलो दर हेक्टरी:

१,८०० – ६०० – २,००० – १,७०० – १,९०० – ५०० – १,६००

सातही वर्षांची सरासरी १,४४३ च्या आसपास येते. पण ६०० आणि ५०० ही दोन पडलेली वर्षं वगळली की उरलेल्या पाचांची बेरीज ९,००० आणि सरासरी १,८००. तिचे ७० टक्के म्हणजे १,२६०. सातही वर्षं धरली असती तर उंबरठा हजाराच्या जवळपास आला असता. त्या वर्षी मंडळाचं उत्पादन १,१०० भरलं, तर एका पद्धतीने भरपाई बसते आणि दुसऱ्या पद्धतीने बसत नाही. आकडे तेच, सरासरी काढायची रीत वेगळी.

मंडळाचं उत्पादन ठरवण्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. महसूल मंडळातले काही प्लॉट निवडून, ठरलेल्या मापाचा तुकडा कापून, माल तोलून सरासरी काढतात. त्यामुळे एखाद्याचं शेत ओढ्याच्या पाण्याने धुऊन गेलं असलं तरी मंडळाच्या सरासरीत ते दिसेलच असं नाही. शेतकरी चिडतात ते समजण्यासारखं आहे. सरासरीचा स्वभावच असा की ती गटाबद्दल बोलते, गटातल्या एकट्या माणसाबद्दल ती काहीही सांगत नाही.

पायरी ५: पसारा मोजा

आता दोन गोठे घेऊ. दोघांनीही पाच दिवस संस्थेला दूध घातलं, लिटरमध्ये:

पहिला गोठा: ९, १०, १०, ११, १०
दुसरा गोठा: ६, १४, ८, १२, १०

दोघांची सरासरी १०, दोघांचा मध्यकही १०. इथवर शिकलेलं सगळं वापरलं तरी हे दोन गोठे सारखेच दिसतात. पण ज्याला रोज दहा लिटरचा रतीब पोचवायचाय तो दुसऱ्या गोठ्यावर विसंबून राहू शकत नाही. हा फरक दाखवणारा आकडा हवा.

सगळ्यात सोपा आकडा म्हणजे *विस्तार*: मोठ्यातून लहान वजा. पहिल्याचा २, दुसऱ्याचा ८. हळदीचा २१,००० वजा १३,०००, म्हणजे ८,०००. विस्तार टोकाच्या दोनच आकड्यांवर उभा असतो, म्हणून एका वेगळ्या लॉटने तो फुगतो. तो लॉट काढला तर हळदीचा विस्तार २,४०० राहतो. तरीही टोकाला कमी लेखू नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या घराला वर्षभराच्या सरासरी पातळीचा काही उपयोग नाही, तिथे कमाल आकडाच विचारावा लागतो.

दुसरं माप *चतुर्थकांचं*. रांगेचे चार भाग करायचे. मध्यकाच्या अलीकडचे पाच दर घ्या, त्यांचा मधला १३,८००: हा पहिला चतुर्थक. पलीकडच्या पाचांचा मधला १४,५००: हा तिसरा. दोघांतलं अंतर ७०० रुपये. टोकं सोडून मधली गर्दी किती जागेत मावली ते या अंतरावरून कळतं, आणि २१,००० चा लॉट त्याला धक्काही लावू शकत नाही. बाजारभाव समजून घ्यायला मला हे माप सगळ्यात उपयोगी वाटतं.

तिसरं माप *प्रमाण विचलन*, ज्याला सगळे स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. नाव ऐकूनच लोक वही मिटतात, पण हिशेब चार ओळींचा आहे. दुसरा गोठा घ्या, सरासरी १०.

प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब: −४, +४, −२, +२, ०.
ही अंतरं तशीच मिळवली तर उत्तर शून्य येतं, नेहमीच येतं. म्हणून प्रत्येकाचा वर्ग करा: १६, १६, ४, ४, ०.
वर्गांची बेरीज ४०, भागिले ५ दिवस, ८.
८ चं वर्गमूळ साधारण २.८३.

म्हणजे दुसऱ्या गोठ्याचं दूध सरासरीपासून साधारण पावणेतीन-तीन लिटरने मागेपुढे होतं. पहिल्या गोठ्याचा हिशेब तुम्ही करा, उत्तर ०.६३ यायला हवं. मोठ्या ढिगातून थोडे नमुने काढून त्यावरून ढिगाचा अंदाज बांधायचा असेल तर शेवटी पाचऐवजी चारने, म्हणजे एक कमी करून भागतात. नमुन्यातले आकडे आपल्याच सरासरीच्या जरा जवळ जवळ असतात, त्यामुळे पसारा कमी दिसतो. एक कमी करून भागलं की ती तूट भरून निघते. तसं केलं तर २.८३ च्या जागी ३.१६ येतं.

वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी ताडून बघायच्या असतील, समजा दुधातला चढउतार आणि दरातला चढउतार, तर प्रमाण विचलनाला सरासरीने भागून टक्के करा. दुसऱ्या गोठ्याचे २८ टक्के, पहिल्याचे ६. आता लिटर आणि रुपये एका ओळीत मांडता येतात.

या मापावरून देशातल्या गरिबीबद्दल एक मोठा वाद झाला, आणि त्यातले दोघे प्रमुख अभ्यासक सातारा जिल्ह्यात जन्मलेले होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, खटाव तालुक्यातल्या बुधचा. पीक कापणीच्या नमुना पद्धतीवर त्यांनी पायाभूत काम केलं आणि पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळला. वि. म. दांडेकर यांचा जन्म १९२० चा, साताऱ्याचा. नीळकंठ रथांबरोबर त्यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी ही रेषा होती. सुखात्म्यांचं म्हणणं असं की सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणं चूक आहे. निरोगी माणसांची गरजही माणसागणिक आणि दिवसागणिक मागेपुढे होते, तेव्हा रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली ओढायला हवी. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. रेषा खाली ओढली की कागदावर उपाशी माणसांची संख्या एकदम घटते. कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण पसारा किती धरायचा या एका प्रश्नावर कोट्यवधी माणसं 'उपाशी' या रकान्यात येतात किंवा त्यातून बाहेर जातात, हे ध्यानात असू द्या.

पायरी ६: वेगळा पडलेला आकडा

२१,००० चं काय करायचं? नियम सोपा आहे. चतुर्थकांतलं अंतर ७००, त्याची दीडपट १,०५०. तिसऱ्या चतुर्थकात ती मिळवा: १५,५५०. पहिल्यातून वजा करा: १२,७५०. या कुंपणाबाहेरचा आकडा वेगळा समजायचा. १५,४०० आत राहतो, २१,००० बाहेर पडतो.

बाहेर पडला म्हणून पुसून टाकायचा नाही. पहिल्या पायरीत लॉट नंबर लिहून ठेवलाय, तो काढा आणि विचारा. टाइप करताना चूक झाली असेल तर दुरुस्त करा. माल खरोखर वेगळ्या प्रतीचा असेल, उत्तम पॉलिश केलेलं, एकसारखं लांब हळकुंड असेल, तर तो दर खरा आहे आणि त्यात एक माहिती दडलेली आहे: चांगल्या प्रतीला किती जास्त पैसा मिळतो. मग तो लॉट वेगळ्या ओळीत दाखवा. कारण न विचारता आकडा काढून टाकणं ही लबाडी होते, मनात तसं नसलं तरी.

या एका लॉटने प्रमाण विचलनाचं काय होतं तेही बघून घ्या. अकरा लॉट धरले तर, एक कमी करून भागून, ते साधारण २,१७४ येतं. तो लॉट बाजूला ठेवला तर ६३१. अंतरांचे वर्ग करतो ना आपण, त्यामुळे लांबचा आकडा दुप्पट-तिप्पट जोराने ओढतो.

म्हणूनच 'सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांत ९५ टक्के आकडे येतात' हा नियम इथे डोळे झाकून लावू नका. तो घंटेसारख्या, दोन्हीकडे सारख्या उतरणाऱ्या आकड्यांसाठी आहे. आपल्या अकरा लॉटना लावला तर खालची हद्द १०,३५२ येते, आणि तिच्या आसपास एकही लॉट नाही.

पायरी ७: चित्र काढा

हजार-हजारांचे गट करा आणि ताळ्याच्या खुणा मारा.

१३ हजारांत: ||||
१४ हजारांत: |||||
१५ हजारांत: |
१६ ते २० हजार: रिकामं
२१ हजारांत: |

आडवं धरून बघितलं तरी चालतं. डावीकडे ढीग, उजवीकडे लांब शेपूट. असं उजवीकडे शेपूट असेल तर सरासरी मध्यकापेक्षा वर सरकते, डावीकडे असेल तर खाली. सरासरी आणि मध्यक एकमेकांपासून लांब दिसले की शेपूट आहे असं समजून चित्र काढायला बसा.

कधी कधी चित्रात दोन ढीग दिसतात. सातारा जिल्ह्याचा पाऊस घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोघांची सरासरी काढा: तीन हजार. एवढा पाऊस महाबळेश्वरला झाला तर तिथे दुष्काळ म्हणतील, आणि माणला झाला तर गावं वाहून जातील. जो आकडा या दोन्हींपैकी कुठल्याच ठिकाणाला लागू पडत नाही तो जिल्ह्याचं वर्णन म्हणून देऊन काय साधतं? दोन ढीग दिसले की गट वेगळे करायचे आणि प्रत्येकाचा सारांश स्वतंत्र लिहायचा. हळदीतही हळकुंड आणि कणी एकाच रांगेत घातलीत तर असेच दोन ढीग दिसतील.

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये हे सगळं क्षणात होतं. सरासरीला एव्हरेज, मध्यकाला मीडियन, बहुलकाला मोड. प्रमाण विचलनाची दोन फंक्शनं दिसतील: शेवटी 'पी' असलेलं आकड्यांच्या एकूण संख्येने भागतं, 'एस' असलेलं एक कमी करून भागतं. भारित सरासरीसाठी समप्रॉडक्टने रकमा मिळवा आणि एकूण वजनाने भागा, नुसतं एव्हरेज तिथे चालत नाही.

चतुर्थकांची गंमत अशी की तिथेही दोन पद्धती आहेत. आपल्या अकरा दरांना 'क्वार्टाइल डॉट इन्क' १३,८५० आणि १४,३५० देतं, तर 'क्वार्टाइल डॉट एक्स्क' आपण हाताने काढलेले १३,८०० आणि १४,५०० देतं. दोन्ही मान्य पद्धती आहेत. एकच धरा आणि महिनाभर तीच वापरा, म्हणजे आजची आणि मागच्या आठवड्याची तुलना खरी राहील.

शेवटी वहीत काय लिहायचं

एवढं सगळं करून नोंद चार ओळींत मावायला हवी. आपल्या दिवसाची अशी होईल:

लॉट ११. मध्यक १४,२००, पहिला चतुर्थक १३,८००, तिसरा १४,५००.
किमान १३,०००, कमाल २१,०००.
२१,००० चा एकच लॉट, प्रत वेगळी. तो सोडून कमाल १५,४००.
सरासरी १४,७००, वजन न धरता.

चाळीस पोती घेऊन येणाऱ्याला यातून उत्तर मिळतं: माल नेहमीच्या प्रतीचा असेल तर चौदा ते साडेचौदा हजारांची अपेक्षा ठेवा, २१,००० ची आशा त्या लॉटच्या मालाशेजारी आपला माल ठेवून बघितल्यावरच. लॉटची संख्या आणि तारीख मात्र कधीही गाळू नका. अकरा लॉटचा मध्यक उद्या दोन-चारशे रुपयांनी सहज हलेल, चारशे लॉटचा तितका हलणार नाही. ही नोंद वाचणाऱ्याला आकड्यावर किती भार टाकायचा ते त्या संख्येवरूनच ठरवायचं असतं.